बाळ गार का पडतं? मायेच्या उबेची दीडशे वर्षांची गोष्ट

आम्ही नीरा नरसिंहपूरहून बोलतोय. पुणे जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, नीरा आणि भीमा या दोन नद्या जिथं भेटतात, तिथलं हे गाव. संगमाच्या घाटावर उभं राहिलं की पलीकडं सोलापूर जिल्हा दिसतो. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ आणि वैशाखातली यात्रा यामुळं तुमच्यातल्या कितीतरी जणी इथं येऊन गेल्या असतील. आम्ही म्हणजे इथल्या महिला बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. हप्ते, कर्ज, बैठका, वह्या हे आमचं रोजचं काम. पण आज बोलायचंय ते पैशाच्या हिशोबावर नाही, अंगातल्या उबेवर.

दिवाळी सरली की आमच्या इंदापूर तालुक्यात आणि शेजारच्या बारामतीत साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीड, नगर, जालना भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, वर ताडपत्री नाहीतर पाचट, खाली माती. पहाटे तीन-चारला बाया उठतात, भाकरी थापतात आणि अंधारातच नवऱ्याबरोबर फडात जातात. आणि हे सगळं चालतं ते नेमकं कार्तिक ते माघ, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्यांत. नदीकाठची थंडी कशी असते ते काठावर राहणाऱ्यांनाच माहीत.

काही वर्षांमागं अशाच एका पौषात आमच्या शिवारातल्या एका कोपीत रात्री एक बाई बाळंत झाली. गाडी बोलावेपर्यंत मूल बाहेर आलं होतं. टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं नाळ कापली, बाळाला अंघोळ घातली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. सकाळी आम्ही दोघी-तिघी चहा आणि शिरा घेऊन गेलो. बाळ डोळे मिटून निपचित पडलं होतं. आम्ही कौतुकानं म्हणालो, "किती गुणाचं बाळ आहे, रडतसुद्धा नाही." तिसऱ्या दिवशी ते बाळ गेलं.

पुढं नर्सताईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बाळाच्या पोटाला हात लावून बघितला होता का?" नव्हता बघितला. हाताचा पंजा गार लागला होता, पण थंडीचे दिवस, असेल, असं वाटलं. नर्सताई म्हणाल्या, "न रडणारं, न चोखणारं बाळ गुणाचं नसतं. ते गार पडलेलं असू शकतं, नाहीतर आजारी." ते बाळ नेमकं कशानं गेलं हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण पोटाला हात न लावल्याची रुखरुख आमच्या मनातून गेली नाही. तिथूनच आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. बाळ गार का पडतं? हे माणसाला कधी कळलं? कुणी शोधलं? ते आमच्या कोपीपर्यंत का पोचलं नाही? तीच गोष्ट आज सांगतो.

आधी आपलं मोठ्या माणसांचं बघू. आपल्या शरीराचा कारभार ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास चालतो. फॅरनहाइटच्या मापात ९८.६. बाहेर पौषातली पहाट असो नाहीतर वैशाखातली दुपार, आतला आकडा जेमतेम एखादा अंश मागं-पुढं होतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, तो हे सांभाळतो. चुलीपाशी बसलेली बाई जाळ मंदावला की लाकूड आत सारते, जाळ वाढला की लाकूड बाहेर ओढते, तसंच त्याचं काम. उन्हात अंग तापलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, घाम सुटतो, घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. पाझरणाऱ्या माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. थंडीत उलट. कातडीजवळचं रक्त आत ओढलं जातं, म्हणून बोटं गार पडतात. अंगावर काटा येतो, हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी थरथरून तयार केलेली ऊब. शिवाय मोठं माणूस शाल ओढतं, शेकोटीपाशी सरकतं, चहा पितं.

नुकतं जन्मलेलं बाळ यातलं काय करू शकतं? जवळजवळ काहीच नाही. आईच्या पोटात ते तिच्यापेक्षाही अर्धा अंश जास्त उबेत असतं. तिथून ते ओल्या अंगानं बाहेर येतं. आपण न्हाणीतून ओल्या अंगानं वाऱ्यात आलो तर कसं वाटतं, ते आठवा. ते ओलं अंग वाळताना बाळाची ऊब झपाट्यानं जाते. अंग पुसलं नाही, झाकलं नाही तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचं तापमान दोन ते चार अंशांनी खाली येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं याचा एक हिशोब सांगितला आहे. २३ अंशांच्या खोलीत, म्हणजे आपल्याला छान वाटेल अशा हवेत, उघड्या नवजात बाळाची जेवढी ऊब जाते, तेवढी मोठ्या माणसाची जायला त्याला शून्य अंशात, बर्फ गोठेल अशा थंडीत, उघडं उभं राहावं लागेल.

असं का? मोठ्या पातेल्यातली आमटी बराच वेळ गरम राहते, तीच वाटीत काढली की लगेच निवते. बाळ म्हणजे ती वाटी. वजनाच्या मानानं त्याची कातडी आपल्या जवळजवळ तिप्पट असते, आणि कातडीखाली चरबीचा थर पातळ. त्यात डोकं मोठं आणि उघडं. बाळाला आपल्यासारखी हुडहुडीही भरत नाही. त्याच्याजवळ एकच ठेवा असतो. मानेपाशी, दोन्ही खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून बाळ ऊब तयार करतं. पण ती जाळायला प्राणवायू लागतो, साखर लागते. बाळाला दूध मिळालं नाही तर साखर संपत जाते, बाळ मलूल होतं, चोखायची ताकद राहत नाही. चोखत नाही म्हणून दूध नाही, दूध नाही म्हणून ऊब नाही. असा तो फेरा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळाकडं हा ठेवाही अपुरा असतो. आणि अशक्त झालेलं बाळ रडत नाही. आम्ही ज्याला गुणाचं म्हणालो, ते हे होतं.

मग आपल्या आज्यांना हे ठाऊक नव्हतं का? पुष्कळसं ठाऊक होतं. बाळंतिणीची खोली वाऱ्यापासून राखायची, बाजेखाली शेगडी ठेवायची, बाळाला टोपडं आणि कुंची घालायची, टाळू झाकायची, तेलानं चोळायचं, आईला आणि बाळाला दहा-बारा दिवस एकत्र एका जागी ठेवायचं. या सगळ्याच्या मुळाशी ऊबच आहे. कुंची ही काही नुसती हौस नव्हती. डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं ते शहाणं कापड होतं. पण त्याच घरात दुसऱ्याही रीती होत्या. वार पडेपर्यंत बाळाला तसंच जमिनीवर ठेवायचं. विटाळ म्हणून लगेच न्हाऊ घालायचं, अंगावरचा पांढरा थर खरवडून काढायचा. पहिला चीक पिळून टाकायचा. विटाळ नको म्हणून सगळ्यात जुनं फडकं द्यायचं. म्हणजे सगळ्यात जास्त ऊब ज्या पहिल्या तासात हवी, नेमकी त्याच तासात ती हिरावली जायची. आणि बंद खोलीतल्या शेगडीचा धूर बाळाच्या छातीत जायचा, तो वेगळाच.

आपल्याकडं बाळं किती जात होती, याची एक आठवण इतिहासात आहे. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली पदवी मिळवली. प्रबंधाला विषय निवडला तो बाळंतपणाच्याच शास्त्राचा. पण क्षयानं त्यांना गाठलं आणि १८८७ साली, बावीस वर्षांच्याही व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या. पाचवीला सटवाई येते आणि नशीब लिहून जाते असं म्हणायच्या त्या काळात, बाळ वाचू शकलं असतं असं एका मराठी बाईनं ठामपणे मानलं, हीच मोठी गोष्ट.

त्याच सुमाराला युरोपात अंगातली उष्णता मोजायचं साधन सुधारत होतं. पूर्वीचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब, आणि आकडा यायला वीस मिनिटं. १८६६-६७च्या सुमारास इंग्लंडमधल्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरनं सहा इंचांचा, पाच मिनिटांत आकडा दाखवणारा तापमापक केला. १८६८ साली जर्मनीत कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांचं तापमान मोजून पुस्तक लिहिलं, आणि ३७ हा आकडा जगाच्या तोंडी बसला. आता डॉक्टरांच्या हातात माप आलं. ताप किती हे कळायला लागलं, तसं बाळ किती गार पडलं हेही कळायला लागलं.

गार बाळाचं करायचं काय, याचं एक उत्तर मिळालं ते चक्क कोंबडीच्या पिल्लांकडून. पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ स्टेफान तार्निए १८७८ साली तिथल्या प्राणिबागेत गेले होते. तिथं अंडी उबवायची पेटी होती. कोंबडीशिवाय पिल्लं निघतात हे पाहून त्यांनी पेटी करणाऱ्या कारागिराला सांगितलं, अशीच पेटी बाळांसाठी करून दे. खाली गरम पाण्याची टाकी, वर बाळं. १८८०-८१च्या सुमारास ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात बसली. दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं आधी शंभरातली ६६ जात, ती ३८वर आली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसती ऊब.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी एक पाऊल पुढं टाकलं. बाळ पेटीत असलं तरी आईनं त्याला बघावं, तिचंच दूध त्याला मिळावं, असा त्यांचा आग्रह होता. पण पुढं जग यंत्राच्याच नादी जास्त लागलं. अमेरिकेत तर जत्रेत तंबू लावून पेटीतली बाळं तिकीट काढून दाखवली जात. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडवर हा खेळ १९०३ पासून चाळीस वर्षं चालला. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या तिकिटांच्या पैशावर कितीतरी बाळांची निगा राखली गेली आणि ती जगली.

थोड्याशा उबेनं खरंच एवढा फरक पडतो का, याची नीट परीक्षा न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचे निष्कर्ष १९५८ साली आले. सगळी बाळं पेटीतलीच, पण काहींची पेटी दोन-तीन अंशांनी जास्त उबदार ठेवली. त्या जास्त उबेतली बाळं शंभरामागं सुमारे पंधरानं जास्त वाचली. दोन-तीन अंश म्हणजे आपण ज्याला 'जरा गारवा आहे' म्हणून सोडून देतो, तेवढंच अंतर. पुढं १९६०च्या दशकात तपकिरी चरबीचं कामही उलगडलं, आणि बाळ हुडहुडीशिवाय ऊब कशी करतं याचा उलगडा झाला.

पण पेटी महाग. तिला वीज लागते, मोठा दवाखाना लागतो. शिवाय बाळ आत आणि आई काचेबाहेर. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहराच्या एका मोठ्या प्रसूतिगृहात १९७८च्या सुमारास अशी वेळ आली की पेट्या थोड्या आणि बाळं फार. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. तेव्हा एदगार रे आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी बाळाला पेटीतून काढलं आणि आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, कातडीला कातडी लागेल असं उभं बांधलं. वरून कापड. कांगारूच्या पिशवीसारखं. म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाची ऊब टिकली, दूध जवळच मिळालं, संसर्ग कमी झाला. जे काम करायला यंत्राला वीज आणि काच लागत होती, ते आईची छाती करत होती. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांचा एक मोठा अभ्यास आला. अगदी लहान बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता लगेच आईच्या छातीशी दिलं, तर शंभरातली सोळाच्या जागी बारा दगावली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं आपली शिफारस तशी बदलली.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पॅरिस असो की बोगोटा, तिथं बाळ दवाखान्यात तरी होतं. आपल्याकडं खेड्यात बाळ घरातच जन्मायचं आणि घरातच जायचं. त्याची कुठं नोंदही नसायची. १९७०च्या दशकात नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या. अक्षर येत नसलं तरी आरोग्य समजतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

पुढं १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळांचं काम त्यांनी ३९ गावांत केलं. प्रत्येक गावातली पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली. तिच्या हातात तापमापक दिला, वजनकाटा दिला, श्वास मोजायला शिकवलं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ती घरोघर जाऊन बाळाला तपासायची, आईला शिकवायची, बाळाला टोपडं आणि उबदार पांघरूण घालायची. १९९५-९६ या एका वर्षात या बायांनी ७६३ नवजात बाळं बघितली, वही भरली. त्यातली ४२ टक्के अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. म्हणजे शंभरातली ४२ बाळं त्या वाटीतल्या आमटीसारखी, पटकन निवणारी. तिसऱ्या वर्षी, जिथं हे काम नव्हतं अशा शेजारच्या गावांच्या तुलनेत, या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे यश एकट्या उबेचं नाही, संसर्गावरचे उपचार त्यात फार मोलाचे होते. पण ऊब, दूध आणि उपचार ही तिन्ही घराच्या उंबऱ्याच्या आत नेली ती गावातल्या बाईनं.

२००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला आणि राज्यातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा किती जास्त आहेत यावर बोलणं सुरू झालं. पुढं २०११ साली गडचिरोलीच्या धर्तीवर घरोघरच्या नवजात बाळांची काळजी घ्यायचा कार्यक्रम देशभर आला. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्यांच्या पिशवीत डिजिटल तापमापक असतो, झोळीचा वजनकाटा असतो. मैत्रिणींनो, ऑलबट डॉक्टरांच्या खिशातला तापमापक आपल्या आशाताईंच्या पिशवीत यायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

या गोष्टीत आम्हाला एक सरळ वाट दिसते. ऊब आधी मोठ्या दवाखान्याच्या पेटीत होती. मग ती आईच्या छातीशी आली. मग गावातल्या बाईच्या हातून घरात आली. जसजसं हे ज्ञान आईच्या जवळ गेलं, तसतशी बाळं वाचली. पण कार्यक्रमाच्या नावातच 'घर' आहे. आणि आमच्या शिवारातल्या कोपीला घर म्हणायचं का? तिथल्या बाईचं नाव तिच्या गावच्या आशाताईंच्या वहीत असतं आणि ती स्वतः शेकडो किलोमीटर दूर, आमच्या उसात असते. तिनं रजा घेतली तर खाडा पडतो, उचल फिटत नाही. म्हणून बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत ती मोळ्या वाहते.

त्या बाळाच्या नंतरच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. एक जण म्हणाली, "ती आपल्या गावची नाहीत. सहा महिन्यांनी जाणार. आपल्या गटाचा पैसा त्यांच्यावर कशाला?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "ऊस आपल्या रानातला आहे ना?" त्यावर कुणी वाद घातला नाही.

तेव्हापासून हंगाम सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात आम्ही कोप्यांवर जातो. कुणाला दिवस गेलेत, कितवा महिना, हे विचारून आशाताईंना आणि नर्सताईंना नावं देतो. आणि प्रत्येक गरोदर बाईला एक गाठोडं देतो. दोन टोपडी, दोन झबली, पायमोजे, धुऊन वाळवलेली मऊ सुती दुपटी आणि एक छोटी गोधडी. गोधड्या आम्हीच शिवतो. जुन्या साड्यांना आमच्या घरात काही तोटा नाही. गटाच्या पैशातून एक तापमापकही घेतलाय.

तुम्हालाही हे करता येईल. काय लक्षात ठेवायचं ते सांगतो, लिहून घ्या. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, त्यासाठी १०२ किंवा १०८ला वेळेत फोन करायचा. तरीही बाळ वाटेत किंवा घरी जन्मलं, तर वार पडायची वाट न बघता बाळाला लगेच कोरड्या मऊ कापडानं पुसायचं, ते ओलं कापड टाकून द्यायचं आणि बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना झाकायचं. डोक्याला टोपडं. पहिल्या तासात अंगावर पाजायचं, चीक टाकायचा नाही. पहिले चोवीस तास अंघोळ नाही. कमी वजनाच्या बाळाला तर नर्सताई सांगतील तोपर्यंत नाही. अंगावरचा पांढरा थर बाळाचं रक्षणच करतो, तो राहू द्यायचा. कोपीत निखाऱ्याची शेगडी किंवा धूर करायचा नाही. आईसारखी शेगडी दुसरी नाही.

आणि हात लावून बघायचं. आधी आपला हात ऊबदार करायचा, मग हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावायची. दोन्ही उबदार असतील तर बाळ बरं आहे. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी बाधतेय, लगेच छातीशी घ्यायचं आणि पाजायचं. पोट आणि तळपाय दोन्ही गार असतील तर तो धोका समजायचा. छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा. तापमापक असेल तर काखेत लावायचा. ३६.५ ते ३७.५, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५ हे ठीक. बाळ चोखत नसेल, मलूल असेल, रडत नसेल तर आकड्याचीही वाट बघायची नाही.

उन्हाळ्यात उलट चूक होते, तीही सांगतो. आमच्या वैशाखातल्या यात्रेत टोपडं, कुंची, वर दुपटं असं गुंडाळलेलं बाळ उन्हातून नेताना आम्ही बघतो. नवजात बाळाला आपल्यासारखा घामही नीट येत नाही. जशी थंडीत ऊब जाते, तशी उकाड्यात ती आत साठते. अशा वेळी एक पांघरूण कमी करायचं, सावलीत न्यायचं, पुन्हापुन्हा पाजायचं. कपडे सैल करूनही थोड्या वेळात ताप उतरला नाही तर डॉक्टर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नाही, आईच्या दुधातच पाणी असतं.

गेल्या हंगामात आमच्या शिवारात एका बाईला रात्री कळा लागल्या. गाठोडं आधीच पोचलं होतं, गाडीही वेळेत आली. दवाखान्यातून परत आली तेव्हा आम्ही बघायला गेलो. बाळ टोपडं घालून तिच्या पदराखाली, छातीशी. आम्ही जवळ गेलो तसं ते मोठ्यानं रडायला लागलं. ती ओशाळून म्हणाली, "लई रडतंय हो ताई." आम्ही म्हणालो, "रडू दे गं, रडू दे." आणि आधी हात ऊबदार करून त्याच्या पोटाला लावून बघितला.

यंदाही दिवाळीनंतर कोप्या पडतील. तुमच्या शिवारातही पडतील. पहिल्या आठवड्यात जा आणि विचारा, कुणाला दिवस गेलेत का.